नोंदीची मुदत

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सरकारी नोकरीत निवड झाली की उमेदवाराच्या हाती साक्षांकन नमुना पडतो. नाव, जन्मगाव, शाळा, आजवर कुठे कुठे राहिलात, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्ती असे रकाने भरत माणूस खाली येतो आणि एका जागी त्याचा पेन थांबतो. तुम्हाला कधी अटक झाली होती का? मग त्याच दमात पुढचे प्रश्न. खटला भरला गेला होता का, स्थानबद्ध केलं होतं का, बंधपत्र लिहून घेतलं होतं का, दंड झाला होता का, दोषी ठरला होता का, एखादा खटला चालू आहे का. दोषी ठरण्याचा प्रश्न किती उशिरा येतो ते पाहा. यादीची सुरुवात अटकेपासून होते, आणि एकाही प्रश्नाला काळाची मर्यादा नाही. विसाव्या वर्षी घडलेलं पंचेचाळिसाव्या वर्षीही तितकंच ताजं.

संयोजकांनी मला ‘तुरुंग सुधारणा’ हा विषय सुचवला होता. मी तो तुरुंगाच्या दारापाशी उचलला आणि दाराबाहेर आणून ठेवला. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. तुरुंगाच्या आत काय व्हावं यावर समित्या झाल्या, अहवाल झाले. सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माणसाने कुणाकडे काम मागावं, यावर मात्र कायद्याच्या पुस्तकात जवळपास काही लिहिलेलं नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो ते स्वतः वकील होते. अशील सुटला म्हणजे आपलं काम संपलं असं ते मानत नसत, त्याला कुणाच्या तरी गोदामात, कुणाच्या तरी ट्रकवर चिकटवून देत, हे इथले जुने लोक सांगतात. तेव्हा विषय त्यांचाच आहे.

आधी हे पाहू की आपण बोलतोय कुणाबद्दल. ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी’ म्हटलं की डोळ्यांपुढे जन्मठेप भोगून आलेला माणूस येतो. प्रत्यक्षात अशी माणसं थोडी. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतली सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होती. म्हणजे चारांतल्या तिघांवर गुन्हा अजून शाबीत झालेला नव्हता. त्यांतले कित्येक पुढे निर्दोष सुटतील. पण गावाला ‘आत जाऊन आलाय’ एवढं पुरतं. निकालाची प्रत कोणी वाचत नाही.

त्याखाली आणखी एक मोठा थर आहे, जो तुरुंगापर्यंत कधी गेलेलाच नाही. बांधावरून झालेली हाणामारी. गणपतीच्या मिरवणुकीतली बाचाबाची. भावकीतल्या भांडणात एकाने तक्रार दिली म्हणून दुसऱ्याने दिलेली तक्रार, आणि त्या दुसऱ्या तक्रारीत घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं, अगदी पुण्याला शिकायला असलेल्या पोराचंही. निवडणुकीच्या तोंडावर सरसकट काढलेल्या चॅप्टर केसेस. चॅप्टर म्हणजे शिक्षा नव्हे. शांतता राखीन असं बंधपत्र लिहून देण्याची ती कारवाई आहे. पण नमुन्यात बंधपत्राचा रकाना आहेच. ‘पोलीस भरती’साठी पहाटे माळावर धावणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, त्याला मैदानी चाचणीपेक्षा जास्त धास्ती या रकान्याची असते. पोलिसांनाही हे ठाऊक आहे. दहीहंडी असो की व्हॉट्सॲपवरचं स्टेटस, तरुणांना दिली जाणारी ताकीद ठरलेली असते: गुन्हा दाखल झाला तर सरकारी नोकरी विसरा, पासपोर्ट विसरा. कलमात लिहिलेल्या शिक्षेची भीती कोणी घालत नाही. कलमात न लिहिलेली शिक्षाच जास्त कामाला येते.

सरकारलाही हे इतकं नीट कळतं की आंदोलनं शमवताना पहिली सवलत तीच दिली जाते. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले, जीवितहानी नसलेले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय महाराष्ट्रात वेळोवेळी निघाले. मुलांची आयुष्यं बरबाद होतील, नोकऱ्या मिळणार नाहीत, हेच त्यामागचं कारण सांगितलं जातं. कारण खरं आहे, माझी त्याला हरकत नाही. माझा प्रश्न त्या पोराबद्दल आहे ज्याच्यामागे मोर्चा नाही. त्याच कलमाखाली, तसाच दगड मारल्याचा आळ असलेला एकटा मुलगा तारखांना येत राहतो. आणि ज्याचा खटला मागे घेतला गेला, त्यालाही ‘अटक झाली होती का’ या प्रश्नाचं उत्तर ‘होय’ असंच लिहावं लागतं.

आता न्यायालयांकडे वळू. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण वकिलाला तेवढंच येतं.

दिल्ली दूध योजनेतल्या एका रोख कारकुनाचं प्रकरण १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलं. पाचशे रुपयांचा अपहार. घरात लागोपाठ संकटं आली होती, त्याने गुन्हा कबूल केला, पैसे भरून टाकले. दंडाधिकाऱ्याने त्याची परिस्थिती नोंदवून त्याला १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडलं. या कायद्याचं कलम १२ म्हणतं की असं सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये. तरीही खात्याने त्याला बडतर्फ केलं. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकालात दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या दोन्ही लक्षात ठेवायला हव्यात. पहिली कारकुनाच्या विरुद्ध गेली: कलम १२ मधली अपात्रता म्हणजे निवडणूक लढवण्यासारख्या बाबतीत कायद्याने येणारी अपात्रता, नोकरीतून काढण्याला ते कलम आड येत नाही. दुसरी त्याच्या बाजूने गेली: शिक्षा देण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्यावर न्यायाने वागण्याचं बंधनही आहे, आणि पाचशे रुपयांसाठी, तेही भरून टाकल्यावर, आयुष्याची भाकरी काढून घेणं हे न्यायाचं वागणं नव्हे. त्याला मागच्या पगारासह कामावर परत घेतलं गेलं. माणूस जिंकला, पण ज्या कलमाच्या भरवशावर तो उभा होता ते कलम पातळ झालं. खालच्या न्यायालयांत कलम १२ दाखवलं की आजही सरकारी वकील त्या पहिल्या भागावर बोट ठेवतात.

२०११ चं प्रकरण वेगळं. दिल्ली पोलिसांत लिपिकवर्गीय हवालदार म्हणून निवड झालेल्या तरुणाने, विशीत असताना दाखल झालेला मारहाणीचा खटला अर्जात लिहिला नव्हता. तो खटला तडजोडीने मिटून तो निर्दोषही सुटला होता. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने म्हटलं की तरुणपणी माणसं चुकतात, आणि त्यासाठी त्यांच्यावर जन्मभराचा शिक्का मारायचा नसतो. या निकालात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतला ज्याँ वालज्याँ येतो. भुकेपोटी पाव चोरला, आणि सुटल्यावर हातातल्या पिवळ्या कागदामुळे ज्याला कोणी दारात उभं करीना, तो. आपल्याकडे या कादंबरीचं ‘दुःखी’ हे रूपांतर साने गुरुजींनी केलं. ज्या माणसाने ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली, त्याला सुटून आलेल्या कैद्याची गोष्ट मराठीत आणावीशी वाटली, यात मला नवल वाटत नाही. गंमत अशी की साने गुरुजींच्या काळात तुरुंगवास हा काहींच्या बाबतीत मानाचा बिल्ला होता. स्वातंत्र्यानंतर त्यावर मंत्रिपदं मिळाली. त्याच बराकीत पलीकडच्या अंगाला चोरीसाठी आलेला माणूसही होता. तो सुटल्यावर कुठे गेला, याचं चरित्र कोणी लिहिलेलं नाही.

मग २०१६ आलं. आधीच्या निकालांत एकवाक्यता नव्हती म्हणून तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सूत्रं ठरवून दिली. माहिती खरी द्या. क्षुल्लक गुन्हा असेल, कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखा, तर लपवणं माफ करण्याचा विचार नियोक्त्याने करावा. नमुन्यातले प्रश्न स्पष्ट असावेत, मोघम प्रश्नाच्या आधारे माणसाला खोटारडा ठरवू नये. कायम झालेल्या कर्मचाऱ्याला चौकशीविना काढू नये. इथपर्यंत चांगलं. पण त्यात हेही आहे की उमेदवाराने सगळं खरं सांगितलं, तरी त्याची पूर्वपीठिका पाहण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतो आणि नेमणूक करायला त्याला भाग पाडता येत नाही. पुढच्या काही निकालांनी असंही म्हटलं की संशयाचा फायदा मिळून सुटलेला माणूस हा सन्मानाने निर्दोष सुटलेल्यासारखा नव्हे.

हे सूत्र माझ्यासमोर बसलेल्या पोराला समजावून सांगायचं असतं. तो विचारतो, “वकीलसाहेब, लिहू की नको?” लिहिलं तर नेमणूकपत्र अडेल, नाही लिहिलं तर पडताळणीत सापडेल आणि मग लबाडीचा ठपका मूळ गुन्ह्यापेक्षा जड होईल. मी नेहमी ‘लिही’ असंच सांगतो. ते सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला माझ्याकडे उत्तर नसतं.

सरकारी नोकरी मुळात मिळते किती जणांना? सुटून आलेल्या बहुतेकांचा प्रश्न खाजगी बाजारातला आहे. शहरात बिनभांडवली माणसाला जी कामं सहज मिळतात ती कोणती? वॉचमन, ड्रायव्हर, घरपोच सामान पोचवणारा. या तिन्ही दारांवर आज पडताळणी बसली आहे. खाजगी सुरक्षा संस्थांचा २००५ चा केंद्रीय कायदा पाहा. सक्षम न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला पहारेकरी म्हणून ठेवता येत नाही. कसला गुन्हा, किती जुना, शिक्षा काय झाली, यातलं काही तिथे विचारलेलं नाही. दंड भरून सुटलेला आणि दरोड्याची शिक्षा भोगलेला एकाच ओळीत. रिक्षा-टॅक्सीचा बॅज काढायचा तर पोलिसांचा दाखला लागतो. ॲपवर गाडी लावायची तरी तेच.

यामागची भीती मी उडवून लावणार नाही. २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर बलात्कार झाला. त्या चालकावर आधीही गुन्हे होते, आणि त्याने दाखवलेला चारित्र्याचा दाखला बनावट असल्याचं पोलिसांनी सांगितलं. रात्री एकटीने गाडीत बसणाऱ्या मुलीच्या आईबापांना मी पुनर्वसनाचं तत्त्वज्ञान सांगू शकत नाही. मुलांवर अत्याचार केलेला माणूस शाळेच्या बसवर नको, ठेवींचा अपहार केलेला पतसंस्थेच्या तिजोरीवर नको. पण मग प्रश्न ‘गुन्हा आणि काम यांचा संबंध काय’ असा विचारायला हवा. बांधाच्या भांडणात डोकं फोडलेल्या माणसाने घरोघरी भाजी पोचवू नये याचं कारण मला कोणी दिलेलं नाही.

त्यात आता यंत्र आलं. पूर्वी बदनामी तालुक्यापुरती होती, माणूस मुंबईला गेला की नवा व्हायचा. आज न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितले, तेही आरोपीला आपल्यावरचा आरोप कळावा म्हणून. आरोपीच्या सोयीसाठी उघडलेली खिडकी आज त्याची चौकशी करणाऱ्या कंपन्यांच्या कामाला येते. आणि नावावरून शोधायचं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तेच नाव, बापाचंही तेच नाव, तेच आडनाव, अशी माणसं एका तालुक्यात डझनावारी सापडतात. भलत्याचा खटला आपल्या माथी आला हे उमेदवाराला कळतही नाही. त्याला ‘तुमची निवड झाली नाही’ एवढाच निरोप येतो. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सुटलेल्या एका माणसाचा निकाल शोधयंत्रातून दिसू नये असा अंतरिम आदेश दिला. त्याला दिल्लीचा वकील परवडत होता. आपल्या तालुक्यातला माणूस त्यासाठी कुठे जाणार?

इथवर मी ज्यांनी काही केलं, किंवा केल्याचा आळ आला, त्यांच्याबद्दल बोललो. महाराष्ट्रात हा विषय तेवढ्यावर थांबत नाही. आपल्याकडे काही माणसं नोंद घेऊनच जन्मली आहेत.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत आला आणि १९११ नंतर मुंबई इलाख्यात पोचला. जमात अधिसूचित झाली की तिच्यातला माणूस गुन्हेगार, मग त्याने काही केलेलं असो वा नसो. हजेरी, पास, आणि तारांच्या कुंपणातली वसाहत. सोलापूरकरांना ‘सेटलमेंट’ कुठे आहे हे सांगावं लागत नाही. विशेष म्हणजे त्या वसाहतींत रोजगाराची तजवीज होती! स्टार्ट नावाचा आयसीएस अधिकारी इलाख्यातल्या वसाहतींची देखरेख करी, आणि कुंपणातली माणसं सोलापूर, हुबळी, गदग इथल्या गिरण्यांत कामाला जात. गिरणीला हुकमी मजूर मिळाले, सरकारला बंदोबस्त मिळाला. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला आणि ही माणसं विमुक्त झाली. कुंपण गेलं, कामाची तजवीजही गेली. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ मध्ये. बाळकृष्ण रेणके आणि भिकूजी इदाते, या विमुक्तांसाठी नेमलेल्या दोन राष्ट्रीय आयोगांचे दोन मराठी अध्यक्ष. पैकी रेणके आयोगाने २००८ मध्ये दिलेल्या अहवालात हे कायदे मोडीत काढायला सांगितलं. अशाच एका जमातीतल्या लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आलं, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आपण सगळ्यांनी ते वाचलं आणि घरी कामाला बाई ठेवताना ‘कुठल्या वस्तीवरची’ हे विचारायचं काही सोडलं नाही.

याच जमातींतल्या पारध्यांची आडनावं पवार, काळे, भोसले, चव्हाण अशी असतात. म्हणजे आडनावावरून काही कळत नाही. कळतं ते पत्त्यावरून. पारधी वस्तीचा पत्ता लिहिला की पोलीस ठाण्याकडून दाखला यायला वेळ लागतो, गॅरेजवाला ‘नंतर ये’ म्हणतो. ज्याच्या नावावर एकही गुन्हा नाही त्यालाही गुन्हेगाराच्याच अडचणी.

या बाबतीत अमेरिकेकडून एक शहाणपण घेण्यासारखं आहे, कारण तिथे हे मोजून पाहिलं गेलं. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी शहरात तरुणांच्या जोड्या नोकरीच्या अर्जांसह पाठवल्या. अर्ज सारखे, फक्त एकावर अमली पदार्थाच्या गुन्ह्याची शिक्षा भोगल्याची नोंद. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नोंद नसलेल्या गोऱ्या अर्जदाराला ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, नोंद असलेल्या गोऱ्याला १७ टक्के. नोंद नसलेल्या काळ्या तरुणाला १४ टक्के आणि नोंद असलेल्याला ५. म्हणजे स्वच्छ काळा तरुण शिक्षा भोगलेल्या गोऱ्याच्या मागे. यावर उपाय म्हणून तिथे अनेक राज्यांनी अर्जातला गुन्ह्याचा रकानाच काढून टाकला. हवाईने सुरुवात केली १९९८ मध्ये. पण पुढे काही अभ्यासकांना दिसलं की रकाना दिसेनासा झाल्यावर मालक अंदाज बांधू लागले, आणि अंदाज बांधला तो नावावरून, वर्णावरून. स्वच्छ काळ्या तरुणाचं नुकसान काही ठिकाणी वाढलं. आपल्याकडे नुसता रकाना काढला तर अंदाज पत्त्यावरून बांधला जाईल, याबद्दल मला शंका नाही. म्हणून ‘रकानाच काढा’ एवढ्या मागणीवर मी थांबत नाही.

मालक अशा माणसाला कामावर घेतच नाहीत, हे गृहीतही तपासून पाहू. जयपूरजवळ सांगानेरला १९६३ पासून संपूर्णानंद खुलं बंदी शिबिर आहे. तिथले कैदी, ज्यांत खुनाची शिक्षा झालेलेही आहेत, बायकापोरांसह राहतात. सरकार त्यांना जेवू घालत नाही. सकाळी ते बाहेर पडतात, शहरात आपलं काम आपण शोधतात, कुणी कारखान्यात, कुणी दुकानात, कुणी बांधकामावर, आणि संध्याकाळच्या हजेरीला परत येतात. म्हणजे जयपुरात शिक्षा भोगत असलेल्या माणसाला रोज काम देणारे मालक आहेत! आणि आपल्याकडे निर्दोष सुटलेल्याला मिळत नाही. मला यातून एवढंच दिसतं की मालकाला नोंद तितकीशी घाबरवत नाही. त्याला नोंद एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, असं अर्धवट चित्र घाबरवतं. सांगानेरच्या माणसामागे एक व्यवस्था उभी असते, संध्याकाळी त्याची हजेरी घेणारं कुणीतरी असतं.

हे महाराष्ट्राला शिकवायची खरं तर गरज नव्हती. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांच्याकडे राहिलेले पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन, म्हणजे भारतानंद, यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं ते १९३९ मध्ये. कैद्यांनी कुटुंबासह राहावं, शेती करावी, भिंत नको. शेजारच्या माडगूळचे ग. दि. माडगूळकर त्यावरून गोष्ट लिहितात, व्ही. शांताराम १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढतात, बर्लिनपर्यंत नाव होतं. चित्रपट आपण डोक्यावर घेतला. वसाहत सांगली जिल्ह्यात अजून आहे, तिच्याकडे पाहायला कोणी जात नाही.

तुरुंगातल्या धंदेशिक्षणाबद्दल थोडक्यात. येरवड्याचं सुतारकाम, विणकाम, नाशिक रोडच्या गणपतीच्या मूर्ती, सगळं चांगलं आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ नावाने पन्नास हजारांपर्यंतची कर्जयोजना येरवड्यात सुरू केली, तीही चांगली. पण मूर्ती करायला शिकलेल्या हाताला कारखान्यात ‘आधी कुठे काम करत होतास’ हा प्रश्न येतोच. शिवाय आत कुणाला कुठलं काम मिळे हेही आपल्या तुरुंग नियमावल्यांनी जातीवरून ठरवून ठेवलं होतं. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा, हे जातीवरून ठरवणं घटनेत बसत नाही, असं सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं. वडिलांनी १९८५ मध्ये एका कारकुनाची भाकरी परत दिली, मुलाने जवळजवळ चाळीस वर्षांनी तुरुंगातल्या कामाची जात काढली. घराणेशाहीविरुद्ध माझं मत आपल्याला माहीत आहे. हा अपवाद समजा.

विलायतेत टिम्पसन नावाची चपला दुरुस्त करणारी, किल्ल्या बनवून देणारी दुकानांची साखळी आहे. तिच्या नोकरांत दहातला एक जण तुरुंगातून सुटून आलेला असतो. लोकांच्या घराच्या किल्ल्या ही माणसं बनवतात आणि लोक बनवून घेतात. त्या कंपनीचे प्रमुख जेम्स टिम्पसन २०२४ मध्ये ब्रिटनचे तुरुंगमंत्री झाले. पण कंपनीचं कौतुक करताना तिच्या पायाखालचा कायदा विसरू नये. तिथे १९७४ पासून अपराध्यांच्या पुनर्वसनाचा कायदा आहे. ठरावीक काळ नवा गुन्हा न करता गेला की दोषसिद्धी संपली असं धरतात, आणि मग बहुतेक नोकऱ्यांसाठी ती सांगावी लागत नाही. २०२३ मध्ये हे काळ आणखी कमी झाले: एक वर्षापर्यंतच्या कैदेनंतर एक वर्ष, चार वर्षांपर्यंतच्या कैदेनंतर चार वर्षं. मुलांबरोबर किंवा आजाऱ्यांबरोबर काम करायचं असेल तर वेगळी, कडक तपासणी आहेच. मघाशी मी ज्या आईबापांबद्दल बोललो त्यांची काळजी तिथे वाहिली जाते, आणि भाजी पोचवणाऱ्याला मोकळं सोडलं जातं.

भारतात असा कायदा नाही. पण नोंदीला मुदत घालायची कल्पना आपल्याला परकी आहे असं मात्र कोणी म्हणू नये. बाल न्याय कायदा, २०१५, कलम २४ पाहा: अल्पवयीन मुलाला दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही आणि ठरावीक काळानंतर नोंद नष्ट करायची आहे. घोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेली सोळा वर्षांवरची मुलं तेवढी वगळली आहेत.

दुसरं उदाहरण अधिक गमतीचं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ८. दोन वर्षांची किंवा जास्त शिक्षा झाली तर निवडणूक लढवायला अपात्र, पण सुटल्यापासून सहा वर्षांपर्यंत. सहा वर्षं झाली की माणूस पुन्हा पात्र. आणि नुसता खटला चालू असेल तर काहीच आडकाठी नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांवरून काढलेल्या आकड्यांनुसार २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ जणांनी आपल्यावर फौजदारी खटले असल्याचं जाहीर केलं होतं. या सहा वर्षांऐवजी आजन्म बंदी घाला, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आहे. सरकारी नोकर दोषी ठरला तर नोकरी कायमची जाते, मग पुढाऱ्याला सूट का, असा त्यातला एक मुद्दा. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्तर दिलं की हा संसदेचा अधिकार आहे, आणि अपात्रतेला कालमर्यादा घातली की वचकही राहतो आणि अवाजवी कठोरपणाही टळतो. मी ते उत्तर वाचलं आणि मला ते पूर्ण पटलं. फक्त ते वॉचमनला लागू करा एवढीच विनंती आहे. आमदाराला सहा वर्षं पुरत असतील तर सोसायटीच्या गेटवर बसणाऱ्याला किती पुरावीत, हा हिशेब संसदेने मांडावा. गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे मुदत, कामाच्या स्वरूपाप्रमाणे अपवाद, आणि निर्दोष सुटलेल्याला, खटला मागे घेतलेल्याला शून्य वर्षं. साक्षांकन नमुन्यातला अटकेचा प्रश्न त्याच दिवशी गळून पडेल.

हा कायदा उद्या होणार नाही. म्हणून या सभागृहात जे वकील बसले आहेत, विशेषतः तरुण, त्यांच्याशी शेवटची पाच मिनिटं बोलतो.

आपल्याकडे छोट्या खटल्यांत अशिलाला काय सांगतात हे आपल्या सर्वांना माहीत आहे. “कबूल करून टाक, पाचशे दंड भर, मोकळा हो. तारखा कशाला खातोस?” लोकअदालतीच्या दिवशी तर रांगच लागते. जुगाराच्या अड्ड्यावर पत्ते बघत उभा असलेला, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ११० खाली रस्त्यात आरडाओरडा केला म्हणून धरलेला, सगळे कबूल करतात, दंड भरतात, दुपारी जेवायला घरी. त्या पावतीचा अर्थ ‘दोषी ठरलो’ असा आहे हे त्यातल्या कुणालाही कोणी सांगितलेलं नसतं. चार वर्षांनी तो मुलगा भरतीची यादी घेऊन येतो आणि तेव्हा फाईल उघडली जाते. तेव्हा उशीर झालेला असतो, कारण कबुलीवरून झालेली शिक्षा अपिलात उलटवणं फार अवघड.

तर एवढं करा. कबुलीआधी अशिलाचं वय विचारा आणि पुढे काय करायचा विचार आहे ते विचारा. कबूल करणारच असेल तर दंडाऐवजी परिवीक्षा कायद्याच्या कलम ३ खाली समज देऊन किंवा कलम ४ खाली बंधपत्रावर सोडण्याचा अर्ज द्या. हे अर्ज आपण देत नाही आणि दंडाधिकारी आपणहून क्वचितच विचार करतात. आदेशात कलम १२ चा उल्लेख मागून घ्या. १९८५ च्या निकालाने ते पातळ झालं असलं तरी कागदावर असलेलं बरं, खाजगी मालकासमोर तेवढाच एक कागद माणसाच्या बाजूने बोलतो. खटल्यात निर्दोष सुटला तर निकालाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात काढून त्याच्या हातात द्या, आणि एक प्रत ठाण्याच्या अभिलेखात लागली का हे स्वतः जाऊन पाहा. बहुतेक वेळा ती लागलेली नसते, ठाण्याच्या रजिस्टरात तो खटला वर्षानुवर्षं चालूच दिसतो. प्रमाणित प्रतीचा अर्ज पहिल्या मजल्यावर नकला विभागात मिळतो. तिथला कारकून दुपारी तीननंतर अर्ज घेत नाही.